डोंग्याच्या दहा रुपयांचा हिशेब

माझ्या लहानपणी आमच्या घाटावरचा नावाडी गावकऱ्यांकडून पैसे घेत नसे. वैनगंगेच्या दोन्ही काठांवरची चार-पाच गावं त्याला वर्षाकाठी धान द्यायची. चुरणं झालं की तो पोतं घेऊन घरोघर फिरे. कोणी दोन पायल्या घाली, कोणी चार. वर्षभरात तुम्ही शंभरदा नदी ओलांडा की एकदाही नको, पायल्या ठरलेल्या. माझी आजी पाण्याला इतकी भ्यायची की जन्मात डोंग्यात बसली नाही, पण तिच्या घरचं धान कधी चुकलं नाही. परगावचा पावणा आला तर मात्र त्याच्याकडून रोख घेत, चार आणे किंवा आठ आणे.

पुढे नोकरीत मी सरकारी आणि निमसरकारी संस्थांच्या वह्या तपासल्या, आणि त्या पायलीचा अर्थ तेव्हा कुठे लागला. पायली होती डोंगा घाटावर उभा राहण्याबद्दल आणि आठ आणे होते त्यात बसण्याबद्दल. एका नावेसाठी दोन निरनिराळ्या गोष्टींचे दोन निरनिराळे पैसे दिले जात होते. आता पायली गेली आणि नुसते रोख दहा रुपये उरले. उभं राहण्याचे पैसे कोण देणार, हा प्रश्न तेव्हापासून घाटावर तसाच पडून आहे. फेरीबोटीचं भाडं ठरवणं आणि तिला मिळणाऱ्या सरकारी अनुदानाचा हिशेब ठेवणं हे दोन जड विषय याच प्रश्नातून निघतात, म्हणून दोन्ही एकत्रच समजून घेऊ.

आधी एक साधं गणित. आकडे माझे आहेत, फक्त समजण्यासाठी घेतलेले. समजा एका घाटावर डिझेलची बोट आहे. दोन नावाडी, प्रत्येकी महिना १५,००० रुपये, म्हणजे वर्षाचे ३,६०,०००. बोट वर्षातले ३०० दिवस चालते (पुराचे दिवस सोडले), रोज ८ फेऱ्या, म्हणजे २,४०० फेऱ्या. एका फेरीला अर्धा लिटर डिझेल, लिटरला ९५ रुपये धरा, तर १,१४,०००. डागडुजी, दोर, लाइफ जॅकेट, विमा, तपासणी मिळून ९६,०००. झाले ५,७०,०००. बोट ९ लाखांची आणि १५ वर्षं टिकणारी, म्हणजे दर वर्षी तिची ६०,००० रुपयांची झीज. एकूण खर्च ६,३०,००० रुपये.

एका फेरीत सरासरी १० माणसं बसली तर वर्षात २४,००० उतारू. भागाकार केला की माणशी २६ रुपये २५ पैसे येतात.

आता या ६,३०,००० रुपयांकडे पुन्हा पाहा. बोट वर्षभर खुंट्याला बांधून ठेवली तर वाचतं काय? फक्त डिझेल. सव्वासहा लाखांतले सव्वा लाखसुद्धा नाहीत. बाकीचा पैसा बोट हलली तरी जातो, नाही हलली तरी जातो. आणि दहा माणसं बसलेल्या बोटीत अकरावं माणूस चढलं तर त्याचा जास्तीचा खर्च जवळपास शून्य. एका म्हाताऱ्या नावाड्याने मला हेच एका वाक्यात सांगितलं होतं. ‘मास्तर, डोंगा रिकामा असो का भरला असो, माहे हात तेवढेच दुखते.’

भाडं ठरवणं अवघड होतं ते इथेच. खर्च भरून निघावा म्हणून २६ रुपये लावले तर मोटरसायकलवाला पुलावरून फिरून जातो, शाळेची पोरं खाडा करतात, बाजारहाटाला निघालेली बाई एक आठवडा टाळते. उतारू निम्मे झाले की खर्च तेवढाच राहून माणशी साडेबावन्न रुपये पडतो. मग काय, भाडं आणखी वाढवायचं? दोन-तीन वर्षांत घाट बंद.

उलट बाजूने पाहा. दर १० रुपयांवर बांधून टाकला आणि वर कोणी काही दिलं नाही, तर जमा होतात २,४०,००० आणि खड्डा राहतो ३,९०,००० रुपयांचा. हा खड्डा कोणाच्या भाषणात दिसत नाही, घाटावर दिसतो. दोनाच्या जागी एकच नावाडी उरतो. जॅकेटं फाटतात, ती नवी येत नाहीत. आणि मुख्य म्हणजे बोट सुटत नाही. ‘पंधरा मानसं झाल्याबिगर नाही सुटत,’ असं सांगून तो बिडी पेटवतो. उतारू तासभर उन्हात. पंधरा झाले की आणखी सात येतात, तेही बसतात. कागदावरचं भाडं दहाच असतं, बाकीचं लोक वेळेने आणि जिवावरच्या धोक्याने भरतात.

जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ मिरची तोडायला पलीकडे निघालेल्या बायकांची नाव वैनगंगेत उलटली आणि सहा जणी गेल्या. ती दुर्घटना भाड्यामुळे झाली असं मी म्हणत नाही, तो अधिकार माझा नाही. पण या नद्यांवर रोज कोण ओलांडतं हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं. रोजावर जाणाऱ्या बाईला जाऊन-येऊन बावन्न रुपये परवडत नाहीत, आणि तिला दहा रुपयांत सुखरूप पलीकडे न्यायचं तर उरलेले पैसे दुसऱ्या कोणीतरी घालायला हवेत. तिसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

आता भाडं ठरवतं कोण, ते पाहू. आपल्याकडचा जुना कायदा १८७८ चा, उत्तर हिंदुस्थानातल्या घाटांसाठी इंग्रजांनी केलेला. नाव उत्तरेचं असलं तरी तो मध्य प्रांतालाही लागू होता, आणि भंडारा, चांदा, नागपूर, वर्धा ही तेव्हा मध्य प्रांताची. मुंबई इलाख्याचा कायदा वेगळा, १८६८ चा. १८७८ चा कायदा वाचताना मला मजा वाटते, कारण त्यात आजच्या नियामकाची बहुतेक सगळी हत्यारं आहेत. सरकार एखादा घाट सार्वजनिक म्हणून जाहीर करतं. त्याच्या हद्दीपासून दोन मैलांत दुसऱ्याने परवानगीशिवाय नाव चालवायची नाही. टोलवसुलीचा ठेका सहसा जाहीर लिलावाने, एका वेळी साधारण पाच वर्षांपर्यंत. दर ठेकेदाराच्या मनाचे नाहीत, ठरवून दिलेले. आणि दरांचा तक्ता घाटाजवळ ठळक जागी, स्थानिक भाषेत, वाचता येईल असा लावायचा. जास्त उकळलं तर दंड.

दोन मैलांचं कलम अनेकांना जुलमी वाटतं. पण त्यात व्यवहार आहे. बाजाराच्या दिवशी दुसऱ्याने येऊन भरलेल्या फेऱ्या उचलायच्या आणि श्रावणातल्या ओल्या मंगळवारी फक्त पहिल्याने उभं राहायचं, असं चालू दिलं तर उभा राहणारा पळून जाईल. म्हणून मक्तेदारी द्यायची, आणि मक्तेदारी दिली म्हणून दर बांधायचे. दोन्ही एकमेकांच्या बदल्यात आहेत. एक ठेवून दुसरं काढलं की कोणीतरी नागवला जातो.

राज्यघटनेतही घाट आहेत, हे फारसं कोणाला माहीत नसतं. सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत १३ व्या नोंदीत रस्ते आणि पुलांबरोबर फेरी येते. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी जोडलेल्या अकराव्या अनुसूचीतही ती १३ व्याच नोंदीत आहे. म्हणजे विषय राज्याचा, आणि राज्याने मनावर घेतलं तर पंचायतीकडे सोपवण्याजोगा. ग्रामसभेत घाटाचा विषय काढला की ‘हे आपल्या हातात नाही’ असं म्हणणारा एक जण असतोच. त्याला ही नोंद दाखवावी.

आता त्या लिलावाबद्दल. माझ्या मते गोची त्यातच आहे. इंग्रजांच्या काळी पूल मोजके, वाहतूक घाटावरूनच. घाट कमावता होता. जो सरकारला जास्त रक्कम देईल त्याला ठेका, हे त्या काळी समजण्यासारखं आहे. पण ठेकेदाराने बोली लावून भरलेली रक्कम आकाशातून येत नाही, ती उतारूच्या खिशातूनच निघते. बोली जितकी चढी, तितकी त्याची नजर गर्दीवर. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेला पलीकडच्या चंद्रपूर जिल्ह्यातून लोक नावांनी येतात, त्या काही दिवसांवर डोळा ठेवून बोली लागते आणि बाकीचे दिवस बोट नावापुरती उरते.

आज बहुतेक घाट तोट्याचे आहेत. पूल झाले, गाड्या आल्या. सिरोंच्याहून गोदावरीपलीकडे कालेश्वरला जायला पूर्वी नावेशिवाय गत नव्हती, आता पूल आहे. जिथे पूल नाही तिथे वस्ती विरळ, म्हणून उतारू थोडे. आणि दुसरीकडे पाणी मात्र वाढलं. गोसीखुर्द, चिचडोह इथे पाणी अडल्यावर वरच्या बाजूच्या पट्ट्यात नदी भरलेली राहते. ज्या उतारांवरून उन्हाळ्यात बैलगाडी जायची तिथे आता चैत्रातही नाव लागते. तोट्याच्या घाटाचा लिलाव उलटा करायला हवा. दर सरकारने बांधून द्यायचा, फेऱ्या ठरवून द्यायच्या आणि विचारायचं की एवढं सगळं करायला तुला वर कमीत कमी किती पैसे हवेत. जो सर्वात कमी मागेल त्याला घाट.

ही काही माझी भन्नाट कल्पना नाही. आपल्याच देशात विमानांसाठी हे चालतं. २०१६ च्या उडान योजनेत लहान शहरांच्या मार्गांवर विमानातल्या ठरावीक जागांचं भाडं बांधून दिलं, सुरुवातीला तासाभराच्या उड्डाणाला साधारण २,५०० रुपये, आणि पडणारी तूट भरून द्यायला कंपन्यांकडून बोली मागवल्या, कमी मागणाऱ्याला मार्ग. तूट भरण्याची मुदत तीन वर्षं. पैसा मोठ्या मार्गांवरच्या विमानांवर आकार लावून उभा केला, वर काही वाटा राज्याचा. १६ एप्रिल २०२५ ला मुंबई–अमरावती विमान सुरू झालं ते याच योजनेत. माझी तक्रार अमरावतीच्या विमानाबद्दल नाही, उडो बिचारं. पण हवेतून जाणाऱ्याच्या तिकिटातली तूट सरकारला दिसते आणि पाण्यावरून जाणारीच्या तिकिटातली दिसत नाही, एवढं नोंदवून पुढे जातो.

दर बांधायचा म्हणजे कसा? दोन पद्धती आहेत. पहिली, खर्च दाखव आणि वर थोडा नफा घे. ऐकायला न्याय्य वाटते. पण यात खर्च जितका फुगेल तितका नफाही फुगतो, म्हणून चालक काटकसर कशाला करील? लेखापरीक्षणात मी या पद्धतीची बिलं पुष्कळ पाहिली. एकाच इंजिनाला वर्षात तीन वेळा नवं पिस्टन लागलेलं मला आठवतं. इंजिन इतकं आजारी असतं तर माणूस एव्हाना पोहायला लागला असता.

दुसरी पद्धत, वरची मर्यादा बांधायची. तीन-चार वर्षांसाठी दर किती वाढू शकतो ते आधीच सांगून टाकायचं. त्या मर्यादेत राहून चालकाने खर्च वाचवला तर वाचलेलं त्याचं. मुदत संपली की नवा हिशेब, आणि वाचलेल्यातला वाटा पुढच्या दरातून उतारूला. ब्रिटनमध्ये १९८४ साली ब्रिटिश टेलिकॉमला ही पद्धत लावली. महागाईचा दर वजा तीन टक्के, एवढीच वाढ. तिथून ती वीज, पाणी, विमानतळ अशी पसरली. यातही खोट आहे. चालक खर्च वाचवतो ते कधी शहाणपणाने, कधी जॅकेटं न घेऊन. म्हणून दराच्या मर्यादेबरोबर किती फेऱ्या, किती वाजता, किती माणसं, कोणती सुरक्षा हेही लिहून द्यावं लागतं. नुसती किंमत बांधून गुणवत्ता मोकळी सोडली तर गुणवत्ता वाहून जाते.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर ब्रिटिश कोलंबिया प्रांतात बीसी फेरीज नावाची कंपनी २५ मार्गांवर बोटी चालवते. तिथे २००३ च्या कायद्याने एक स्वतंत्र आयुक्त नेमला. तो दर चार वर्षांसाठी सरासरी भाड्याची कमाल मर्यादा ठरवतो. कंपनी सरकारी वळणाची आहे म्हणून तिचं काही ऐकायचं नाही, आणि मंत्र्याला निवडणूक जवळ आली म्हणून त्याचंही नाही, अशी त्या खुर्चीमागची अपेक्षा. इंधनाचं गणित तिथे वेगळ्या खात्यात ठेवतात. डिझेल अंदाजापेक्षा महागलं तर तिकिटावर थोडा अधिभार, स्वस्त झालं तर सूट. त्यामुळे तेलाच्या भावासाठी सगळं दरपत्रक उलथंपालथं होत नाही. आणि २०२३ च्या फेब्रुवारीत सरकारने भाडेवाढ २०२८ पर्यंत वर्षाला तीन टक्क्यांच्या आसपास राहावी म्हणून ५० कोटी डॉलर एकदम देऊ केले. हे ५० कोटी आपल्याला पुढे लागणार आहेत.

स्कॉटलंडने आणखी वेगळा विचार केला. बेटावरच्या माणसाने पाण्यावरून जितकं अंतर कापलं तितकं रस्त्याने कापायला जेवढा खर्च आला असता, त्याच्या आसपास त्याचं भाडं असावं. २००८ मध्ये काही बेटांपुरता प्रयोग केला आणि २०१५ पर्यंत पश्चिम किनाऱ्याच्या सगळ्या जाळ्यावर आणला. आपल्याकडे हा विचार लावायला फार सोपा आहे. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा. नदीचं पात्र रुंद म्हटलं तरी किलोमीटरभर. म्हणजे एक टप्पा, साध्या गाडीचे दहा रुपयांच्या आसपास. घाटावरच्या माणसांनी कुठलाही आयुक्त न नेमता ठरवलेला दर जवळपास हाच आहे, याचं मला कौतुक वाटतं.

तर उतारूने दहा द्यायचे. उरलेले सरकारने. आता हे उरलेले पैसे वहीत कुठे लिहायचे? बहुतेकांना हा भाग कंटाळवाणा वाटतो, मला तो सर्वात रसाळ वाटतो.

सरकारी पैसा घाटावर तीन वेशांत येतो. पहिला म्हणजे सवलतीची भरपाई. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. सूट जाहीर करतं सरकार, तिकीट फाडतं महामंडळ, आणि न घेतलेले पैसे सरकारने महामंडळाला द्यायचे असतात. ही महामंडळाला केलेली मदत नाही. त्या आजीच्या तिकिटाचे उरलेले पैसे आहेत, फक्त देणारा बदलला. आपल्या घाटावर २४,००० उतारूंपैकी ८,००० शाळेची पोरं असतील आणि त्यांना फुकट न्यायचं सरकारने ठरवलं, तर ८०,००० रुपये भाड्याच्याच खात्यात, पण ‘सरकारकडून’ अशा वेगळ्या ओळीत लिहायचे. मोठ्यांकडून आलेले १,६०,००० वरच्या ओळीत.

दुसरा वेश म्हणजे तूट भरून काढण्याचं चालू अनुदान. हे दर वर्षीच्या खर्चासाठी येतं, म्हणून त्या-त्या वर्षाच्याच खर्चासमोर मांडायचं.

तिसरा वेश फसवा. सरकार बोटच घेऊन देतं किंवा बोटीसाठी ९ लाख देतं. हार, नारळ, फीत, फोटो. ग्रामपंचायतीचा सचिव ते ९ लाख त्या वर्षीची जमा म्हणून लिहितो. मग त्या वर्षीचा हिशेब असा दिसतो: भाडं १,६०,०००, सवलतीचे ८०,०००, बोटीचे ९,००,०००, एकूण ११,४०,०००. खर्च ६,३०,०००. नफा ५,१०,००० रुपये! जिल्ह्याच्या बैठकीत कोणी तरी म्हणतोच, एवढा नफ्यातला घाट, याला चालू अनुदान कशाला? अनुदान नाकारलं जातं. पुढच्या वर्षी तोच घाट, तेच उतारू, तेच भाडं, आणि तोटा ३,९०,०००. आता दुसरा कोणी म्हणतो, एका वर्षात पाच लाखांच्या नफ्यावरून चार लाखांच्या तोट्यात, नक्कीच कोणी खाल्ले. चौकशी लागते. खाल्लेलं कोणीच नसतं. नऊ लाख चुकीच्या वर्षात लिहिले, एवढाच गुन्हा.

कंपन्यांसाठी आपल्याकडे सरकारी अनुदानाच्या हिशेबाचं वेगळं मानक आहे, लेखा मानक १२. घाटाच्या ठेकेदाराला ते लागू नसेल, पण त्यातली अक्कल उसनी घ्यायला कोणाची बंदी नाही. ते म्हणतं की बोटीसारख्या टिकाऊ वस्तूसाठी आलेलं अनुदान एका वर्षाचं उत्पन्न धरू नका. एक तर बोटीच्या किमतीतूनच ते वजा करा, नाही तर ‘पुढच्या वर्षांचं उत्पन्न’ म्हणून बाजूला ठेवा आणि बोट जशी झिजेल तसं दर वर्षी थोडं थोडं आत घ्या. आपल्या उदाहरणात दर वर्षी ६०,०००. तसं केलं की जमेच्या चार ओळी होतात: उतारूंचे १,६०,०००, सवलतीची भरपाई ८०,०००, बोटीच्या अनुदानातले ६०,०००, आणि चालू अनुदान ३,३०,०००. बेरीज ६,३०,०००. ना नफा, ना तोटा, ना चौकशी.

कॅनडातल्या त्या ५० कोटी डॉलरचाही पेच याच जातीचा. पैसा आज हातात आला, पण तो ज्या भाडेवाढीच्या बदल्यात आला ती पुढच्या काही वर्षांतली. पुढच्या वर्षांचं काम असलेला पैसा आजचा नफा म्हणून नाचवायचा नसतो. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पीककर्जाची रक्कम खात्यात पडली म्हणून कोणी ती पिकाचं उत्पन्न धरत नाही.

त्याच मानकात आणखी एक अट आहे, तीही लाखमोलाची. अनुदान मिळेल याची आणि त्याच्या अटी आपण पाळू याची वाजवी खात्री होईपर्यंत ते हिशेबात धरायचं नाही. मंत्र्यांनी सभेत सांगितलं ती खात्री नव्हे. शासन निर्णय निघाला, अटी पूर्ण झाल्या, की ‘येणे’ म्हणून लिहा. बँकेत पडले की ‘जमा’. या दोहोंमधलं अंतर काही वेळा वर्षभराचं असतं, आणि तेवढ्या काळात नावाड्याचा पगार उधारीवर चालतो. छोट्या चालकाचा घाट तोट्यामुळे बसतो त्यापेक्षा येणं वेळेवर न आल्याने जास्त वेळा बसतो, असं मी वह्यांमधून पाहिलं आहे.

आता भाडं ठरवणारा आणि हिशेब लिहिणारा इथे एकमेकांना भेटतात. बोट सरकारने फुकट दिली असेल तर तिची वर्षाची ६०,००० झीज भाड्याच्या हिशेबात धरायची का? चालक म्हणतो, धरा, पंधरा वर्षांनी नवी बोट कशाने घेऊ? उतारू म्हणतो, बोट आमच्याच कराच्या पैशाची, तिचे पैसे आमच्याकडून दुसऱ्यांदा का घेता? दोघांचंही खरं आहे. माझ्या मते उतारूची बाजू धरावी. दान आलेल्या वस्तूची किंमत दरात घालू नये. पण मग पुढची बोट सरकारच देणार हे आजच लेखी घ्यावं, नाहीतर चालू अनुदानाच्या वर दर वर्षी ६०,००० वेगळ्या खात्यात बाजूला टाकायची अट घालावी. काहीच ठरवलं नाही तर काय होतं ते दिसतंच. पहिली बोट सडली की दुसरी येत नाही, आणि लोक पुन्हा डोंग्यावर.

अनुदान द्यायचं ते वर्षाच्या शेवटी ‘तोटा किती झाला ते सांग, भरून देतो’ अशा बोलीने देऊ नये. तशाने तोटा करण्याचीच सवय लागते. ३,३०,००० ला २,४०० फेऱ्यांनी भागा, फेरीला १३७ रुपये ५० पैसे. बोट सुटली तर पैसे, नाही सुटली तर नाही. मग पंधरा माणसं जमायची वाट पाहायचं कारण उरत नाही, कारण रिकाम्या फेरीलाही काही मिळतं. शाळेच्या वेळची फेरी चुकली तर जास्त कपात लावावी, दुपारची चुकली तर कमी. पुराने बंद राहिली तर कपात नको, उलट थोडा उभं राहण्याचा भत्ता हवा, नाहीतर पुरातही बोट सोडण्याचा मोह होईल. ही अट मी मुद्दाम सांगतो, कारण कागदावर हुशार दिसणारी योजना आषाढात माणसं बुडवू शकते.

फेऱ्या मोजणार कोण? इथे सगळी हुशारी येऊन थांबते. ठेकेदाराच्या वहीत रोज आठ फेऱ्या लिहिलेल्या असतील, दिवाळीच्या दिवशीसुद्धा, एकाच पेनाने, एकाच हाताने. मी अशा वहीत आधी डिझेलची बिलं लावून पाहतो. आठशे फेऱ्यांचं तेल आणि बाराशे फेऱ्यांची नोंद जुळत नाही. दुसरं, दोन्ही काठांवर दोन वह्या ठेवाव्यात. अलीकडची शाळेच्या शिक्षकाकडे, पलीकडची अंगणवाडीताईकडे किंवा किराणा दुकानात. फुकट बसलेल्या पोरांचा आकडा शाळेच्या हजेरीशी लावावा. ज्या दिवशी पटावरची पलीकडची वीस पोरं गैरहजर, त्या दिवशी वीस पोरांची सवलत कशी? पैसा देणारं कार्यालय उपयोगिता प्रमाणपत्र मागतंच, पण त्या प्रमाणपत्रात फक्त पैसा खर्च झाला एवढं कळतं. बोट सुटली का, हे कळत नाही.

ग्रामपंचायतीत नमुना १ ते ३३ असतात, घराच्या उताऱ्यामुळे नमुना ८ तर सगळ्यांनाच पाठ असतो. घाट पंचायतीकडे असेल तर त्याच्या जमाखर्चासाठी वेगळं पान मागावं आणि त्या चार ओळी वेगवेगळ्या पाहाव्यात. एकाच ‘इतर जमा’मध्ये कोंबलेल्या नकोत. आणि दराचा फलक. १८७८ पासून तो सक्तीचा आहे. फलकावर ‘मोठे १० रु., विद्यार्थी मोफत’ असं असतंच. त्याखाली आणखी एक ओळ रंगवावी असं मी एका ग्रामसभेत सुचवलं होतं: ‘एका उतारूमागे खर्च २६ रु.’ सरपंचांना ते आवडलं नाही. म्हणाले, मास्तर, लोक घाबरतील. मी म्हटलं, लोक नाही घाबरणार, विचारतील की वरचे सोळा कुठून येतात आणि आले का.

ओळ काही रंगली नाही. यंदा मार्गशीर्षात घाटावर गेलो तेव्हा नावाड्याचा नातू बोटीवर होता. शिकलेला पोरगा, भाडं मोबाइलवर घेतो, वही स्वतः लिहितो. पलीकडच्या एका म्हातारीने अजूनही दोन पायल्या धान पाठवलं होतं. ती आता वर्षात एकदाही नदी ओलांडत नाही. त्याने वही पुढे केली अन् विचारलं, ‘काका, हे कोनत्या खान्यात टाकू?’ मी म्हटलं, रोख भाड्यात नको टाकू. अनुदानाच्या ओळीत टाक, आणि पुढे तिचं नाव लिही.